आईच्या फॉर्मवर मी ‘काम नाही’ लिहिलं

“गावाकडून आलेलं कोण आहे वर्गात?” सरांनी विचारलं.

मी हात वर केला. एम.ए.चं पहिलं वर्ष, अर्थशास्त्र, वर्ग सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मला वाटलं, आता काहीतरी मला येतं असं विचारणार.

“उभी राहा. कुठलं गाव?”

“परभणीकडचं.”

“शेती किती?”

“दोन एकर.”

“घरात माणसं?”

“सहा.”

“वडील आता काय करतात?”

“चाकणला कंपनीत आहेत. प्रेस शॉपला हेल्पर.”

“म्हणजे वडील शेत सोडून इकडे आले. मग शेतातलं पीक कमी झालं का?”

मी खरं तेच सांगितलं. “नाही सर. तेवढंच आलं.”

सरांचा चेहरा खुलला. ते वर्गाकडे वळले. “बघा. हिच्या वडिलांना शेतातून उचललं. उत्पादनात फरक पडला का? नाही. मग शेतावर असताना हिच्या वडिलांची सीमांत उत्पादकता किती होती?”

“शून्य!” वर्ग एका सुरात म्हणाला.

“तू सांग.”

“शून्य,” मी म्हणाले.

“ये, फळ्यावर लिही.”

सरांनी फळ्यावर ‘वडील’ असं लिहिलं होतं. त्याच्यापुढे मी खडूने गोल काढला. “याला म्हणतात प्रच्छन्न, म्हणजे छुपी बेकारी,” सर म्हणाले. “पुस्तकात शोधायला नको, वर्गातच सापडली.” सगळे हसले.

मीही हसले. आज सगळ्यात जास्त चीड येते ती माझ्या त्या हसण्याची. बाकीच्यांचं जाऊ द्या. त्यांचे बाप बँकेत, कॉलेजात, हिंजवडीत. माझा बाप पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली बोटाचं पेर घालवून बसलेला माणूस. त्याला मी चाळीस जणांसमोर शून्य लिहिलं आणि उत्तर बरोबर आलं म्हणून खूश होऊन जागेवर येऊन बसले. एवढी मी हुशार.

आम्ही चऱ्होलीत राहायचो. एका जुन्या शेतकरी कुटुंबाच्या आवारात पत्र्याच्या दोन खोल्या. समोर त्यांच्याच विकलेल्या रानावर पंधरा मजली सोसायटी उभी राहिलेली. वडील कंपनीच्या बसने चाकणला जायचे. वीस वर्षं कंत्राटी, वीस वर्षं हेल्पर. आई घरी असायची. घरी असायची म्हणजे काय करायची, ते सांगते.

भोसरीतल्या एका वर्कशॉपचा टेम्पो सोमवारी आमच्या गल्लीत पोती टाकून जायचा आणि गुरुवारी उचलायला यायचा. पोत्यात रबराचे नग. गाडीच्या दाराला, बॉनेटखाली, इथेतिथे बसतात ते. साच्यातून काढलेल्या नगाला कडेने पातळ पापुद्रा राहतो. तो छोट्या वाकड्या कात्रीने सगळीकडून कापायचा. जास्त कापलं तर नग रिजेक्ट, कमी कापलं तरी रिजेक्ट. गल्लीतल्या बायका याला ‘कटिंग’ म्हणायच्या. सगळ्या घराला रबराचा वास. भाकरीलासुद्धा. आईच्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा पडलेला. मी शाळेतून आले की दप्तर टाकून पोत्यापाशी बसायची. जिल्हे, नद्या, पाढे, सगळं मी कात्री चालवत पाठ केलं. बी.ए. करतानाही बुधवारी माल उरला की बसायचीच.

एम.ए.तल्या मुलांचं सगळं ठरलेलं होतं. कोणी बँकेची परीक्षा देणार, कोणी डेटा ॲनालिस्ट होणार, एकीचं इंग्लंडचं कॉलेजही ठरलं होतं. मला कोणी विचारलं की अर्थशास्त्र करून पुढे काय, तर माझी दातखीळ बसायची. गल्लीतल्या बायकांना वाटायचं मी बँकेत लागणार. वडिलांचं वेगळंच. त्यांना वाटायचं मी कंपनीच्या एचआरला बसणार आणि त्यांना परमनंट करून घेणार. मला मात्र संशोधन करायचं होतं. हा शब्द मी घरात कधी उच्चारला नाही, कारण त्यातून महिन्याच्या महिन्याला काय मिळतं हे मलाच सांगता आलं नसतं.

एम.ए. झाल्यावर त्याच सरांनी बोलावलं. एका उद्योजक संघटनेने त्यांना सर्वेक्षणाचं काम दिलं होतं. या पट्ट्यातल्या वाहन उद्योगात बायका कुठे, काय काम करतात, याचा अहवाल करायचा. घरोघर जाऊन फॉर्म भरायला माणसं हवी होती.

“तू तिकडचीच ना? तुला त्या लोकांची भाषा येते,” सर म्हणाले. “हे नीट कर. पुढे कायमची संशोधन साहाय्यक घेईन. पीएचडी माझ्याकडेच कर.”

त्या लोकांची भाषा. मला तेव्हा काही टोचलं नाही. मी पेढे घेऊन घरी गेले.

फॉर्म पाठ व्हावा म्हणून पहिला मी आईचाच भरला. ती कटिंग करत होती. टेम्पो यायला दोन तास होते, म्हणून मीही एका हाताला माल घेऊन बसले. दहा नग कापायचे, एक प्रश्न विचारायचा. नाव, वय, शिक्षण. मग सातवा प्रश्न. मी वाचला, “गेल्या आठवड्यात आपण कोणते काम केले?”

“काम?” आई म्हणाली. “मी कुठं काय करायले? घरीच तर असते.”

मी लिहिलं: काम नाही. गृहिणी. कात्री खाली ठेवली, लिहिलं, कात्री पुन्हा उचलली.

मला हे आजही धड सांगता येत नाही. मी आंधळी नव्हते. रबराचा भुगा माझ्या मांडीवर पडत होता. पण प्रशिक्षणात सांगितलं होतं, उत्तर देणारा सांगेल ते लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. आणि मला सरांना दाखवायचं होतं की मी फॉर्म किती स्वच्छ भरते. त्यांना तो इतका आवडला की बाकीच्या मुलांना त्यांनी तो नमुना म्हणून दाखवला. कुठे खाडाखोड नाही. कुठे शेरा नाही. मला अभिमान वाटला.

मग मी आमच्या गल्लीतून, मागच्या वस्तीतून, मोशीच्या अलीकडच्या चाळींतून फिरले. ठरलेल्या एकेचाळीस घरांत. बाई दारात पोतं घेऊन बसलेली आणि सांगते, काही करत नाही. बोटाला चिंधी गुंडाळलेली आणि सांगते, घरीच असते. मी लिहीत गेले. गृहिणी, गृहिणी, गृहिणी.

शेवटचं घर आमच्या घरमालकिणीचं. काकूंच्या घरी जमिनीचे पैसे आलेले. यजमान गळ्यात गोफ घालून फिरायचे आणि सुनेने फर्निचर बदललं होतं. पण काकू दुपारी मागच्या खोलीत दार लावून एक पोतं कापायच्या. त्या पैशांवर कोणाचा हक्क नाही म्हणून.

“काकू, गेल्या आठवड्यात काय काम केलं?”

“काय न्हाई बाई. घरातलंच.” मग हळूच म्हणाल्या, “आन् पोत्याचं लिहू नगं हां. आमचं ह्ये म्हणत्याल, बायकू पोती कापती म्हणून गावात सांगत सुटली.”

“ते तसंही काम धरत नाहीत,” मी सहज म्हणाले.

काकूंनी कात्री थांबवली. “काय म्हनलीस?”

“म्हणजे, घरातल्या बायका फावल्या वेळात करतात ते. कामात नाही धरत.”

“आसं व्हय,” काकू म्हणाल्या. “आगं, तू निस्तं दारोदार इचारत फिरती, त्येला पगार हाय. त्ये काम. आन् आमी बोटं कापून घेतो, त्ये काम न्हाई? कुनी शिकवलं गं तुला ह्ये?”

दोन वर्षं अर्थशास्त्र शिकलेल्या मुलीकडे, मागच्या खोलीत दार लावून बसलेल्या बाईला द्यायला एक वाक्य नव्हतं. लाज वाटली. मग लाजेचा राग झाला. आधी स्वतःचा, मग त्या फॉर्मचा, मग ज्याने तो छापला त्याचा.

घरी जाऊन मी नवा फॉर्म घेतला आणि आईपुढे बसले. या वेळी ‘काम’ हा शब्दच काढला नाही. विचारलं, “सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, ओळीने सांग.” ती सांगत गेली. मी लिहीत गेले. रोजचे सहा-सात तास कात्री निघाली. आणि बोलता बोलता मी तो वर्गातला प्रसंगही तिला सांगितला. पहिल्यांदाच. बाबा शेत सोडून आले तरी पीक कमी झालं नाही, म्हणजे त्यांची शेतात गरज नव्हती, असं पुस्तकात म्हणतात, असं सांगितलं.

“पीक घटलं नाई,” आई म्हणाली, “कारण तुह्या बापाच्या वाट्याचं मी केलं. मी अन् तुही आजी. दोन सालं. तू पाठीला असायची मव्ह्या. तुह्या सरानं हे इचारलं नाई का?”

नाही. सरांनी हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. पुस्तक म्हणतं, माणूस गेला आणि पीक तेवढंच आलं. त्याच्या जागी दोन बायका वाकल्या हे पुस्तकाला दिसत नाही. दिसत नाही, का बघायचं नाही?

मी एकेचाळीस घरं पुन्हा केली. पायी. बायका वैतागल्या. “परवाच तर लिहून नेलंस.” मी म्हणायची, चुकलं माझं, पुन्हा सांगा. फॉर्मच्या पहिल्या ओळीत छापलं होतं की नाव गुप्त राहील. ती ओळ मी प्रत्येकीला बोट ठेवून वाचून दाखवली. एकेचाळीसपैकी चौतीस घरांत कटिंग निघालं. मी सातव्या प्रश्नापुढे लिहिलं: रबर कटिंग, घरी. काकूंनी स्वतःच सांगितलं, “लिही माझं बी. बघू काय करत्यात.”

नवे फॉर्म मी सरांकडे नेऊन दिले. पुढच्या आठवड्यात चिंचवडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक होती. संघटनेची सात-आठ माणसं, सर, आणि आम्ही फॉर्म भरणारे मागच्या खुर्च्यांवर. सरांनी पडद्यावर एक फॉर्म लावला. माझ्या आईचा. नाव, गल्ली, सगळं उघडं. माझं अक्षर भिंतीएवढं.

“आता गंमत बघा,” सर म्हणाले. “या मुलीने आधी बरोबर भरला होता. मग हिला काय वाटलं कोणास ठाऊक, स्वतःच्या आईला कामगार करून टाकलं. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांचं असं होतं. सॅम्पल आणि शेजारीपाजारी यात फरक कळत नाही.”

हशा. समोरचा एकजण काजू चघळत म्हणाला, “मग माझी आईपण कामगारच. दिवाळीला लाडू वळते.” आणखी हशा.

दुसरा एक हसला नाही. त्याने वहीत लिहून घेत विचारलं, “कुठली गल्ली म्हणालात ही? कोणत्या वर्कशॉपचा माल? बाहेरच्या गिऱ्हाइकाला आपण लिहून देणार आहोत, घरात माल जात नाही म्हणून.”

मग मला सगळं कळलं. या लोकांना बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं होतं की आमचा एकही नग कोणाच्या घरात बनत नाही. अहवाल त्यासाठी हवा होता. विद्यापीठातल्या माणसाचा, शिक्का असलेला. बायका काय करतात हे शोधायला आम्हाला पाठवलंच नव्हतं. त्या काही करत नाहीत एवढं लिहून आणायला पाठवलं होतं. आणि त्यासाठी पोरगी निवडली होती त्यांच्यातलीच, भाषा येणारी.

बैठक संपल्यावर सरांनी माझ्यासमोर कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा ठेवला.

“फक्त सातवा प्रश्न. चौतीस फॉर्म. इथेच बसून उतरवून काढ आणि सह्या कर.”

“सर, बायकांनी सांगितलं तेच मी लिहिलंय.”

“बायकांनी आधी काय सांगितलं होतं? तेच लिही. खोटं लिही असं मी म्हणतच नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, हे छापलं तर तो टेम्पो बंद होईल. तुझ्या आईच्या पोटावर पाय येईल. तुला अर्थशास्त्र कळतं ना? आणि तुझी पीएचडी, नोकरी. विचार कर.”

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, पेन हातात घेतलंही. नोकरी डोळ्यांसमोर होती. पहिली ओळ लिहिली, आईचं नाव. सातव्या प्रश्नापर्यंत आले आणि हात पुढे जाईना. एकदा मी हे न कळता केलं होतं. आता कळून करायचं होतं.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले.

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येत.”

हॉटेलच्या पायऱ्या उतरले. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. रडू येत होतं, आणि ते या लोकांना दिसू नये एवढंच वाटत होतं.

त्या सोमवारी टेम्पो आला नाही. पुढच्याही सोमवारी नाही. गल्लीत बातमी फिरायला वेळ लागत नाही. बायका माझ्या दारात आल्या. नाव गुप्त राहील म्हणून तूच वाचून दाखवलंस ना, म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकलं. वडील एवढंच म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण.” आई ताट वाढायची आणि उठून जायची. टेम्पो तिसऱ्या आठवड्यात आला. पण अट घालून. कोणी काही विचारायला आलं तर सांगायचं, आम्ही काही करत नाही. आणि दर किलोमागे कमी. सगळ्यांनी मान डोलावली. काकूंनी मात्र पोतं घेतलं नाही, पण तोंडही उघडलं नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

दोन महिन्यांनी अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्यात लिहिलं होतं की सर्वेक्षणात घरगुती स्वरूपाचं कोणतंही उत्पादनकाम आढळलं नाही. मागच्या पानावर फॉर्म भरणाऱ्यांची नावं. त्यात माझं. सही न करता माझं नाव त्या खोट्याच्या खाली छापलं होतं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, नाव आलंय ना अहवालात? बायोडेटाला उपयोगी पडेल.”

बायोडेटा. एवढ्या शांतपणे म्हणाले ते.

आता मी चिंचवडला स्टेशनजवळ तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. सकाळी एका क्लासमध्ये बारावीला अर्थशास्त्र शिकवते. घर सोडलं कारण मला माझ्या कागदांवर आईचा पत्ता नको होता. निघताना आईला म्हणाले, “तुझं नाव मी कुठे घालणार नाही. गल्लीतलं कोणाचंच नाही. पण मी गप्प बसणार नाही. मी विचारत नाहीये, सांगतेय.”

“तुहं तू बघ,” ती म्हणाली. दार लावून घेतलं.

बघितलं. एका सकाळी क्लासला जाण्याआधी एक उरलेला कोरा फॉर्म काढून बसले. या बायकांची साक्ष मी लिहू शकत नाही, हे पक्कं झालं होतं. मग साक्ष द्यायला कोण उरलं? हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. सरांना सुचलं नाही, काकूंना नाही, आईलाही नाही. मी सगळ्या गल्लीचं काम मोजून आले आणि एक कामगार सोडून दिली.

नाव: माझं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. शिक्षण: एम.ए. अर्थशास्त्र. काम: रबर कटिंग, घरी. सुरुवात: वयाच्या नवव्या वर्षी. किती वर्षं: तेरा. वर्कशॉपचं नाव लिहिलं नाही, टेम्पोचा नंबर नाही. पण प्रत्येक नगावर मोठ्या कंपनीचं चिन्ह उठवलेलं असतं. हजारो वेळा बोटांखालून गेलेलं. ते मी फॉर्मच्या समासात जसंच्या तसं काढलं. खाली सही केली.

त्याच्या प्रती मी सरांच्या विभागाला, उद्योजक संघटनेला आणि कामगार कार्यालयाला पाठवल्या. बाहेरच्या त्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत पाठवली. सोबत पत्र: तुमच्या अहवालात माझं नाव आहे, मजकूर खोटा आहे, नाव काढा नाहीतर मजकूर बदला. कामगार कार्यालयाने उत्तर दिलं की तक्रार विहित नमुन्यात नाही. बाकीच्यांनी तेवढंही नाही.

मी दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पाठवते. विहित नमुना आणला, त्यातही पाठवला. पीएचडीच्या अर्जात विषयाच्या जागी हेच लिहिलंय: घरात होणारं वाहन उद्योगाचं काम. तीन गाइडांनी नकार दिलाय. एकाने प्रेमाने सल्ला दिला की विषय बदला किंवा बँकेची परीक्षा द्या, मुलींना बरी असते. चौथ्याकडे परवा जाणार आहे. त्याने नाही म्हटलं तर पाचवा. कोणीच घेतलं नाही तर गाइडशिवाय लिहीन आणि मराठीत छापीन, म्हणजे गल्लीतल्या बायकांना वाचता येईल.

बँकेत जाणार नाही. एचआरला बसणार नाही. अर्थशास्त्र सोडणार नाही. ते कोणाच्या बापाचं नाही.